विजेवरील वाहन आणि दिवसाची वीज : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात राज्याच्या दोन धोरणांची समीक्षा

प्रस्तावना

विजेवर चालणारी मोटार आणि सूर्यापासून मिळणारी वीज हे दोन विषय आज जोडीने उच्चारले जातात. चर्चासत्रे, वृत्तपत्रीय लेख आणि शासकीय जाहिराती यांतून असे चित्र उभे केले जाते की, एक आले की दुसरे त्याच्या मागोमाग येणारच. प्रत्यक्षात महाराष्ट्रात हे दोन विषय दोन वेगळ्या धोरणांत, दोन वेगळ्या खात्यांत आणि दोन वेगळ्या परिभाषांत विभागले गेले आहेत. वाहनांचा विचार राज्याच्या विद्युत वाहन धोरणात येतो. असे पहिले धोरण २०१८ मध्ये, दुसरे जुलै २०२१ मध्ये आणि तिसरे एप्रिल २०२५ मध्ये मंजूर झाले. ग्रामीण सौर विजेचा विचार मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत येतो. ही योजना जून २०१७ मध्ये आली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. या दोन्ही धोरणांचे स्वागत बरेच झाले आहे. त्यांची एकत्र चिकित्सा मात्र फारशी झालेली नाही. ती करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

चिकित्सेसाठी यवतमाळ जिल्हा निवडण्यामागे केवळ स्थानिक आपुलकी नाही. २०११ च्या जनगणनेनुसार २७,७२,३४८ लोकसंख्येच्या, सोळा तालुक्यांच्या आणि जवळपास ७८ टक्के ग्रामीण वस्तीच्या या जिल्ह्यात ऊर्जेच्या प्रश्नाची दोन्ही टोके एकत्र आढळतात. पूर्वेकडील वणी तालुक्यात कोळशाच्या खाणी आहेत. उर्वरित जिल्ह्यात कापूस, तूर आणि हरभरा पिकवणारा शेतकरी कृषिपंपाच्या विजेची वाट पाहतो. शिवाय सौर कृषी वाहिनी योजनेचे पथदर्शी प्रकल्प ज्या दोन गावांत योजले गेले, त्यांपैकी एक राळेगणसिद्धी (तत्कालीन अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा) आणि दुसरे यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी हे होते. वीज जेथून निघते आणि जेथे ती सर्वांत उशिरा पोचते, अशी दोन्ही ठिकाणे ज्या जिल्ह्यात आहेत, त्या जिल्ह्यातून या धोरणांकडे पाहिले असता राजधानीतून न दिसणाऱ्या काही गोष्टी दिसतात.

लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे : विद्युत वाहन धोरण वाहने मोजते, पण त्या वाहनांना वीज कोणत्या वेळी आणि कोठून मिळेल हे विचारत नाही. सौर वाहिनी योजना दिवसा वीज निर्माण करते, पण पंप बंद असतात त्या महिन्यांत तिचा गावाला काय उपयोग, हे विचारत नाही. हे दोन न विचारलेले प्रश्न एकमेकांची उत्तरे आहेत.

वाहन धोरणाचा नकाशा

२०२१ च्या धोरणाने २०२५ पर्यंत नव्या वाहन नोंदणीत विद्युत वाहनांचा वाटा १० टक्क्यांवर नेण्याचे आणि राज्य परिवहन महामंडळाच्या ताफ्यातील १५ टक्के बस विजेवर आणण्याचे उद्दिष्ट ठरवले होते. त्याच धोरणात चार्जिंग केंद्रांचे शहरनिहाय वाटप दिले होते. बृहन्मुंबई परिसरात १,५००, पुण्यात ५००, नागपुरात १५०, नाशिकमध्ये १००, छत्रपती संभाजीनगरात (तत्कालीन औरंगाबाद) ७५, अमरावतीत ३० आणि सोलापुरात २० असे ते आकडे होते. संपूर्ण सज्ज करावयाच्या महामार्गांत मुंबई-पुणे, मुंबई-नाशिक, मुंबई-नागपूर आणि पुणे-नाशिक यांचा समावेश होता. या यादीत यवतमाळला सर्वांत जवळचा आकडा म्हणजे विभागीय मुख्यालयाच्या, अमरावतीच्या, वाट्याला आलेली ३० केंद्रे.

याचे समर्थन करता येते. जेथे वाहने अधिक तेथे केंद्रे अधिक, हा साधा व्यवहार आहे. नवे तंत्र प्रथम शहरात रुजते आणि मग खेड्याकडे सरकते, असाही अनुभव आहे. परंतु या समर्थनात एक गृहीतक दडलेले आहे. ते असे की, विद्युत वाहन म्हणजे प्रामुख्याने खासगी मोटार आणि तिची गरज म्हणजे रस्त्यावरील वेगवान चार्जिंग केंद्र. जिल्ह्याच्या ठिकाणापासून तालुक्याला आणि तालुक्यापासून गावाला होणारी वाहतूक या गृहीतकात बसत नाही.

२०२५ चे धोरण याबाबतीत अधिक प्रगल्भ आहे, हे मान्य करावयास हवे. ३१ मार्च २०३० पर्यंत लागू असणाऱ्या आणि १,९९३ कोटी रुपयांची तरतूद असलेल्या या धोरणात महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे म्हटले आहे. सवलतींच्या यादीत राज्य परिवहनाच्या बस आहेत, तसेच विद्युत ट्रॅक्टर आणि कापणी-मळणी यंत्रेही आहेत. शेतीतील यंत्रे वाहन धोरणात यावीत, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

तरीही दोन दोष शिल्लक राहतात. पहिला दोष सवलतीच्या रचनेचा आहे. सवलत वाहनाच्या किमतीच्या प्रमाणात आहे. त्यावर कमाल मर्यादा घातलेली असली तरी मोटार घेणाऱ्याच्या हाती पडणारी रक्कम स्कूटर घेणाऱ्यापेक्षा कितीतरी अधिक ठरते. बस आणि ट्रॅक्टर यांच्या बाबतीत हे समजण्यासारखे आहे. खासगी मोटारीच्या बाबतीत त्याचे समर्थन करणे अवघड आहे. दुसरा दोष पथकराच्या माफीत दिसतो. पूर्ण माफीसाठी ज्या मार्गांची नावे घेतली गेली, ते मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्ग होत. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग विदर्भातील नागपूर, वर्धा, अमरावती, वाशीम आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून जातो. यवतमाळमधून तो जात नाही. पांढरकवड्यावरून हैदराबादकडे आणि यवतमाळवरून नांदेडकडे जाणारे मार्ग या पूर्ण माफीच्या यादीत नाहीत. मुद्दा पथकराच्या रकमेचा नाही. सवलतीचा नकाशा काढताना कोणाचा प्रवास डोळ्यांसमोर होता, एवढेच यातून कळते.

वणीचा कोळसा आणि वाहनाची स्वच्छता

विद्युत वाहनांवर घेतला जाणारा सर्वपरिचित आक्षेप असा की, धूर शहरातून नाहीसा होत नाही, तो केवळ खाणीकडे आणि औष्णिक केंद्राकडे सरकतो. वणी परिसरात हा आक्षेप पुस्तकी राहत नाही. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या उकणी, जुनाड, कोलारपिंपरी, पिंपळगाव या खाणी या तालुक्याचा भूगोल ठरवतात. कोळशाच्या वाहतुकीची धूळ रस्त्याकाठच्या शेतांवर बसते आणि फुटलेल्या बोंडातील कापसाची प्रत तिने खालावते. जवळच चंद्रपूरला २,९२० मेगावॅट क्षमतेचे महाऔष्णिक केंद्र आहे. पुण्यातील एखादी मोटार रात्री चार्ज होते तेव्हा तिच्या विजेचा काही भाग अशाच कोळशातून आलेला असतो.

परंतु आक्षेप खरा आहे एवढे म्हणून थांबणे अभ्यासकाला शोभणारे नाही. तो किती खरा आहे हे तपासावे लागते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अलीकडच्या आकडेवारीनुसार देशातील एक युनिट वीज निर्माण होताना सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. वहनातील आणि वितरणातील गळती ढोबळमानाने धरली तर ग्राहकाच्या हाती पोचलेल्या युनिटमागे हे प्रमाण सुमारे ०.८५ किलो होते. एक लिटर पेट्रोल जळताना सुमारे २.३ किलो आणि एक लिटर डिझेल जळताना सुमारे २.७ किलो कर्बवायू निर्माण होतो. या आकड्यांवरून तीन वाहनांचा हिशेब करून पाहता येतो.

स्कूटरचा विचार करू. लिटरला ५० किलोमीटर जाणारी पेट्रोलची स्कूटर किलोमीटरमागे सुमारे ४६ ग्रॅम कर्बवायू सोडते. विजेची स्कूटर किलोमीटरला सुमारे ०.०३ युनिट घेते. म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. येथे घट जवळपास निम्मी आहे. मोटारीचा विचार करू. लिटरला १५ किलोमीटर जाणारी पेट्रोलची मोटार सुमारे १५३ ग्रॅम सोडते. विजेची मोटार किलोमीटरला सुमारे ०.१५ युनिट घेते. म्हणजे सुमारे १२७ ग्रॅम. घट आहे, पण ती सुमारे एक षष्ठांश इतकीच. आता बसचा विचार करू. लिटरला साडेचार किलोमीटर जाणारी डिझेल बस किलोमीटरमागे सुमारे ६०० ग्रॅम सोडते. विजेची मोठी बस किलोमीटरला सुमारे एक युनिट घेते, म्हणजे सुमारे ८५० ग्रॅम. आजच्या सरासरी विजेवर ही बस कर्बवायूच्या हिशेबात डिझेलपेक्षा उजवी ठरत नाही.

हा हिशेब स्थूल आहे. त्यात तेलाच्या उत्खनन-शुद्धीकरणाचा आणि बॅटरीच्या निर्मितीचा भार धरलेला नाही. वाहनाचा प्रकार, वातानुकूलन आणि रस्ता यांनुसार आकडे खालीवर होतील. बसमधील चाळीस प्रवाशांत तिचा भार विभागला जातो, त्यामुळे एकट्याने चालवलेल्या कोणत्याही मोटारीपेक्षा ती केव्हाही श्रेयस्कर आहे. बसस्थानकावरील धूर आणि आवाज थांबतो, हा लाभही खरा आहे. पण या हिशेबातून निघणारा निष्कर्ष दुर्लक्षिता येत नाही. स्कूटरच्या बाबतीत कोळशाची वीजही चालून जाते. बसच्या बाबतीत मात्र वीज कोठली आणि कोणत्या वेळची, यावर सर्व काही अवलंबून आहे. सूर्याची वीज केवळ दिवसा असते. सायंकाळी सातला आगारात आलेली बस चार्जिंगला लावली तर ती बहुतांशी कोळशावरच चालणार. दुपारी बाराला लावली तर सूर्यावर चालू शकते. वाहन तेच, बॅटरी तीच, धोरणातील नोंदही तीच. फरक पडतो तो केवळ वेळेने, आणि वेळ हा रकानाच वाहन धोरणाच्या उद्दिष्टांत नाही.

रात्रीचे ओलीत आणि सौर कृषी वाहिनी

वेळेचा प्रश्न यवतमाळच्या शेतकऱ्याला नवा नाही. कृषिपंपांना दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास अशी चक्राकार पद्धतीने थ्री फेज वीज देण्याची पद्धत राज्याने दीर्घकाळ अवलंबली. रात्रीच्या पाळीचा अर्थ शेतकरी कुटुंबांना सांगावा लागत नाही. विंचूकाट्याचे, रानडुकरांचे आणि ओल्या जमिनीत विजेच्या धक्क्याचे भय पत्करून रब्बीच्या थंडीत मध्यरात्री ओलीत करायचे. वीज मध्येच गेली तर बांधावर बसून राहायचे. मोठ्या शहरांतील उद्योगांना आणि घरांना सोयीची वेळ मिळावी म्हणून विजेच्या मागणीचा भार रात्रीकडे ढकलला गेला आणि तो शेतकऱ्याच्या झोपेवर पडला. ऊर्जेतील विषमता केवळ युनिटांत मोजता येत नाही, ती तासांतही मोजावी लागते.

सौर कृषी वाहिनी योजनेचे महत्त्व येथे आहे. या योजनेत प्रत्येक शेतकऱ्याच्या विहिरीवर स्वतंत्र पॅनेल न बसवता ग्रामीण उपकेंद्राच्या जवळ काही मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारला जातो आणि त्याची वीज शेतीच्या स्वतंत्र वाहिनीला दिली जाते. एका मेगावॅटला साधारण चार ते पाच एकर जागा लागते. दुसऱ्या टप्प्यात जमीनधारकाला हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ देऊ केली आहे. २०२५ पर्यंत किमान ३० टक्के कृषी वाहिन्या सौर विजेवर आणण्याचे या टप्प्याचे मूळ उद्दिष्ट होते आणि पुढे योजनेची व्याप्ती १६,००० मेगावॅटपर्यंत वाढवण्यात आली. निविदांतून मिळालेला दर युनिटमागे तीन रुपयांच्या आसपास आहे. दिवसा वीज, कमी दर आणि वहनातील कमी गळती असे तिहेरी लाभ या रचनेत आहेत. कल्पना म्हणून ती वाहन धोरणापेक्षा अधिक मूलगामी आहे, कारण तिने प्रथमच ‘किती वीज’ या प्रश्नाबरोबर ‘कोणत्या वेळी’ हा प्रश्न धोरणात आणला.

या योजनेच्याही मर्यादा स्पष्टपणे नोंदवावयास हव्यात. एक, तिचा लाभ ज्याच्याकडे विहीर आणि वीजजोडणी आहे त्यालाच होतो. यवतमाळमधील कोरडवाहू शेतकरी, आणि जिल्ह्यातील शेती संकटाचा सर्वाधिक भार ज्याने वाहिला तो हाच वर्ग होय, या योजनेच्या बाहेरच राहतो. दोन, भाडे जमीनधारकाला मिळते. त्या जमिनीवर मजुरी करणाऱ्याला किंवा गुरे चारणाऱ्याला काही मिळत नाही. गायरानाची जमीन प्रकल्पाला दिली जाते तेव्हा हा प्रश्न अधिक तीव्र होतो. तीन, योजनेने पंपाचे वर्ष आणि सूर्याचे वर्ष एकच मानले आहे.

तिसरा मुद्दा थोडा विस्ताराने मांडणे आवश्यक आहे. पाच अश्वशक्तीचा पंप आठ तास चालला तर साधारण ३० युनिट वीज घेतो. एक मेगावॅटचा प्रकल्प चांगल्या दिवशी सुमारे ४,५०० युनिट वीज देतो, म्हणजे असे दीडशे पंप त्यावर दिवसभर चालू शकतात. पण हे पंप वर्षभर चालत नाहीत. पावसाळ्यात त्यांची गरज क्वचितच भासते. कपाशीला पाण्याची गरज पावसाळा सरल्यावर लागते. हरभरा आणि गहू माघ-फाल्गुनापर्यंत पाणी मागतात. त्यानंतर अनेक विहिरींचे पाणी तळाला जाते आणि मोटारपंप बंद पडतात. नेमक्या याच काळात, चैत्र-वैशाखात, विदर्भाचे ऊन सर्वांत कडक असते आणि सौर पॅनेल भरपूर वीज देत असतात. ही वीज वाया जात नाही; ती उपकेंद्रातून ग्रीडमध्ये जाते आणि इतरत्र वापरली जाते. परंतु ज्या गावाने जमीन दिली, त्या गावाला त्या महिन्यांत त्या विजेचा वेगळा असा काहीच उपयोग नसतो. यवतमाळमधून कोळसा बाहेर जातो, कापूस बाहेर जातो, आता उन्हाळ्यातील ऊनही बाहेर जाऊ लागले, असे कोणी म्हटले तर त्याला उत्तर देणे कठीण आहे.

शकुंतलेचा धडा

दोन धोरणांची सांधेजोड सुचवण्यापूर्वी जिल्ह्याच्या वाहतुकीच्या इतिहासातील एका प्रकरणाची आठवण करणे उचित ठरेल. यवतमाळ-मूर्तिजापूर ही ११३ किलोमीटरची अरुंदमापी रेल्वे, लोकांच्या तोंडची ‘शकुंतला’, विसाव्या शतकाच्या प्रारंभी ब्रिटिश भांडवलाच्या कंपनीने वऱ्हाडचा कापूस मुख्य लोहमार्गापर्यंत नेण्यासाठी सुरू केली. तिचे वाफेचे इंजिन १९९४ मध्ये काढून डिझेलचे इंजिन जोडण्यात आले. त्या काळाच्या मानाने हे ऊर्जा-संक्रमणच होते. कोळसा गेला, अधिक कार्यक्षम इंधन आले. परंतु रुळांची डागडुजी, मालकीचा गुंता आणि गाडीचा वेग यांकडे लक्ष दिले गेले नाही. पुढील दोन-अडीच दशकांत गाडी थांबली. इंधन बदलले, सेवा मात्र टिकली नाही.

या प्रकरणातून निघणारा बोध आजच्या चर्चेला थेट लागू पडतो. वाहनातील इंधन बदलणे म्हणजे वाहतूक सुधारणे नव्हे. मारेगाव किंवा झरी जामणी तालुक्यातील विद्यार्थिनीला महाविद्यालयात पोचण्यासाठी बस आहे की नाही, हा पहिला प्रश्न आहे; ती बस कशावर चालते हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल तर दुसऱ्याला अर्थ उरत नाही.

राज्य परिवहन महामंडळाचा अनुभव या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर ‘शिवाई’ ही महामंडळाची पहिली विद्युत बस धावली. पुढे ५,१५० विद्युत बस भाडेतत्त्वावर घेण्याचा मोठा करार झाला. मात्र बस ठरल्या वेळापत्रकाने मिळाल्या नाहीत आणि मे २०२५ मध्ये परिवहन मंत्र्यांनी तो करार रद्द करण्याची भूमिका जाहीर केली. अपयशाची चर्चा प्रामुख्याने कंत्राटदार आणि अनुदान यांच्याभोवती फिरली. परंतु २०२१ चे उद्दिष्ट ‘ताफ्यातील किती टक्के बस’ या भाषेत लिहिले गेले होते, ‘किती गावांना किती फेऱ्या’ या भाषेत नव्हे. उद्दिष्टाची भाषा अशी असली की यशही कागदावरचे राहते आणि अपयशही.

दोन धोरणांची सांधेजोड

वरील विवेचनातील धागे आता एकत्र आणता येतील. बसची वीज दिवसाची असली तरच तिचा पर्यावरणीय लाभ होतो. सौर वाहिनी दिवसा वीज देते आणि वर्षातील काही महिने तिच्या विजेला गावात मागणी नसते. तालुक्याच्या ठिकाणी उपकेंद्र असते आणि आगारही असते. बसची गर्दी सकाळी आणि सायंकाळी असते. दुपारी काही बस आगारात उभ्या असतात. दिवसाला २५० किलोमीटर धावणाऱ्या बसला सुमारे २५० युनिट लागतात. म्हणजे एका मेगावॅटच्या प्रकल्पाची दिवसाची वीज सुमारे अठरा बसना पुरेशी आहे. दुपारच्या विश्रांतीत त्यांतील निम्मी वीज जरी भरता आली, तरी किलोमीटरमागील कर्बवायूचा हिशेब डिझेलच्या खाली येतो.

या सूचनेतील अडचणी लपवण्यात अर्थ नाही. जिल्ह्याचा विस्तार मोठा आहे. यवतमाळहून वणी किंवा उमरखेड प्रत्येकी शंभर किलोमीटरहून दूर आहे. वैशाखातील ४५ अंशांच्या तापमानात बॅटरी आणि वातानुकूलन यांच्यावर ताण येतो. पावसाळ्यात सौर वीज घटते, आणि शाळा-महाविद्यालयांमुळे बसची गरज तेव्हाच वाढते. रब्बीत पंपांचा हक्क पहिला राहील, हे तर उघडच आहे. म्हणून सर्व बस एकदम विजेवर आणण्याचा आग्रह येथे धरलेला नाही. तालुक्यांतर्गत, पन्नास-साठ किलोमीटरच्या फेऱ्यांपासून आरंभ करावा आणि दुपारच्या विजेला वेगळा, स्वस्त दर द्यावा, एवढेच म्हणणे आहे. दराचे तत्त्व नवे नाही. केंद्राने २०२३ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत केलेल्या दुरुस्तीने सौर तासांतील वीज सर्वसाधारण दरापेक्षा १० ते २० टक्के स्वस्त असावी, हे मान्य केले आहे. गावातील स्कूटर, प्रवासी रिक्षा आणि उद्याचा विद्युत ट्रॅक्टर यांनाही ग्रामपंचायतीच्या किंवा सहकारी सोसायटीच्या आवारात ही दुपारची वीज मिळाली, तर पंपाची ३० युनिटे दहा स्कूटरच्या बॅटऱ्या भरू शकतात.

खाणीनंतरचा प्रश्न

या सर्व चर्चेत एक घटक दोन्ही धोरणांत अनुपस्थित आहे, तो म्हणजे खाणीवर जगणारा माणूस. सौर वीज वाढली तर आज ना उद्या कोळशाची मागणी घटेल, असे मानले जाते. ते इष्ट आहे. पण वणी तालुक्यात खाणीतील कायम कामगार, कंत्राटी कामगार, ट्रकचालक, दुरुस्तीची दुकाने आणि खानावळी अशी मोठी साखळी कोळशाला जोडलेली आहे. कायम कामगाराला निवृत्तिवेतन आहे. कंत्राटी कामगाराला तशी शाश्वती बहुधा नसते. ज्यांची जमीन खाणीत गेली, त्यांना ती कसण्याच्या स्थितीत परत मिळणार नाही. सौर प्रकल्प उभारताना मजुरी मिळते. तो सुरू झाल्यावर त्याला फार थोडी माणसे लागतात. तेव्हा सौर प्रकल्प खाणीतील रोजगाराची जागा आपोआप घेतील, हा युक्तिवाद टिकणारा नाही.

२०१५ मध्ये खनिज कायद्यातील दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने अस्तित्वात आली. खाणबाधित क्षेत्रासाठी निधी देणारी ही व्यवस्था जिल्ह्याच्या हातात आहे. तिच्या नियोजनात खाणीनंतरच्या रोजगाराचा विचार आज, कोळसा निघत असतानाच, व्हावयास हवा. कारण खाण बंद झाल्यावर निधीचा ओघही आटतो. बस आगारातील विद्युत देखभाल, बॅटरी दुरुस्ती आणि सौर प्रकल्पांची निगा यांचे प्रशिक्षण वणीच्या तरुणांना मिळाले, तर संक्रमणाचा काही लाभ ज्यांनी त्याची किंमत मोजली त्यांच्यापर्यंत पोचेल.

समारोप

विद्युत वाहनांचे भवितव्य काय, या प्रश्नाचे उत्तर बहुधा विक्रीच्या आकड्यांत शोधले जाते. यवतमाळ जिल्ह्याच्या अनुषंगाने विचार करता ते उत्तर अपुरे वाटते. वाहन धोरणाने २०१८ पासून २०२५ पर्यंत निश्चितच प्रगती केली आहे. परंतु त्याचे एकक अद्याप नोंदणीकृत वाहन हेच आहे. सौर वाहिनी योजनेने वेळेचा प्रश्न धोरणात आणला. परंतु तिचे एकक अद्याप पंप हेच आहे. दोन्ही धोरणे तालुका हे एकक मानून एकत्र वाचली, तर उपकेंद्र, आगार, शेतवाहिनी आणि खाण यांचा परस्परसंबंध दिसू लागतो. धोरणाच्या पुढील आवृत्तीत किती वाहने विकली गेली याबरोबरच किती टक्के चार्जिंग दिवसा झाले, किती गावांच्या फेऱ्या वाढल्या आणि किती शेतकऱ्यांची रात्रपाळी सुटली, हे तीन रकाने असावेत, अशी अपेक्षा आहे.

या कामात महाविद्यालयांचाही वाटा आहे. मूल्यांकनाच्या निमित्ताने आपण सर्वांनी हरित अंकेक्षणाचे अहवाल तयार केले आहेत आणि त्यांतील बहुतेक कपाटात गेले आहेत. त्याऐवजी आपल्या तालुक्यातील उपकेंद्रावरची सौर वीज महिनावार किती, पंपांची मागणी किती, आगारात दुपारी किती बस उभ्या असतात, आपले विद्यार्थी कोणत्या वाहनाने येतात, या साध्या नोंदी भूगोल, अर्थशास्त्र आणि भौतिकशास्त्र या विभागांनी मिळून वर्षभर ठेवल्या, तर प्रस्तुत लेखातील स्थूल हिशेबांची जागा खऱ्या आकड्यांना घेता येईल. कोळंबीसारखे पथदर्शी गाव ज्या जिल्ह्याला लाभले, तेथील अभ्यासकांनी त्या अनुभवाचे परीक्षण स्वतः करावे, हेच उचित आहे.